अभिमनभाऊंचा पाहुणचार

"माणसाच्या डोक्यात कल्पना पाहिजे, रत्ना! मग घरात कोंडलेला माणूससुद्धा रोज नवी मजा करतो," अभिमनभाऊंनी जाहीर केलं. रत्नाबाई दुधी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जामनेरच्या बाजारात भाऊंना ऊन लागलं होतं आणि जळगावचा मे सरेपर्यंत डॉक्टरांनी बाहेर पडायला बंदी केली होती. तोच पंखा, तोच सोफा आणि ताटात तोच दुधी, का तर दुधी थंड! याच घरात पाहुणा आला की मात्र झणझणीत शेवभाजी होते, हे भाऊंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर भाऊ पिशवी घेऊन मागच्या दाराने निघाले, घराला वळसा घातला आणि पुढची बेल वाजवली.

"अभिमन पाटलांचं घर हेच का?"

"हे काय नवीन?" रत्नाबाई म्हणाल्या.

"वहिनी, मी शिरपूरहून आलोय. भाऊ आहेत का?"

रत्नाबाईंनी कपाळाला हात लावला. पण 'वहिनी, चहा फक्कड झालाय', 'वहिनी, तुम्ही पण बसा ना' असं या घरात लग्नापासून कोणी बोललं नव्हतं. नवऱ्यापेक्षा पाहुणा बरा म्हणत त्यांनी शेवभाजी टाकली. पाहुणा रोज येऊ लागला.

समोरच्या ओट्यावरून यशोदाबाई हे सगळं बघत होत्या. "व माय! भाऊले आपलंच घर वळखू येत नही. ऊन डोकामा चढी गये."

झालं! अख्खी गल्ली कांदे घेऊन धावली. भाऊंच्या तळव्यांना रस चोळला गेला.

"अहो, खेळ होता तो!" भाऊ ओरडले.

"हो भाऊ, खेळच होता," शेजारचा नवल लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला आणि त्याने आणखी एक कांदा फोडला. रत्नाबाईंनी खरं सांगितलं, तर लोक म्हणाले, बिचारी नवऱ्याचं झाकतेय. पोरं तर बेल वाजवून 'अभिमन पाटलांचं घर हेच का?' विचारायची आणि पळायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण भाऊंच्या योगेंद्रचं चाळीसगावच्या पुनमशी जमत आलं होतं आणि रविवारी तिचे वडील तोतारामनाना घर बघायला येणार होते. योगेंद्रचा पुण्याहून फोन आला, "पप्पा, चाळीसगावपर्यंत बोभाटा झालाय. मला पुनम आवडलीय हो." भाऊंना खरंच वाईट वाटलं. शेवभाजीच्या नादात आपण पोराच्या संसारात काडी घातली, असं त्यांना झालं.

शनिवारी रत्नाबाई गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होत्या, तेवढ्यात बेल वाजली. दारात पिशवी घेतलेले एक गृहस्थ उभे होते.

"अभिमन पाटलांचं घर हेच का?"

आता मोठी माणसंही चेष्टेला आली! भाऊंचं डोकं सटकलं. "अभिमन पाटील गेला शिरपूरला. मीच इथं पाहुणा आहे!"

आवाज ऐकून रत्नाबाई खाली आल्या आणि जिन्यातच थबकल्या. हा चेहरा त्यांनी फोटोत पाहिला होता. "नाना, तुम्ही? उद्या येणार होता ना?"

"कायबाय कानावर आलं होतं. म्हटलं, बघून यावं," तोतारामनाना म्हणाले. "बघितलं."

रत्नाबाईंनी त्यांना बसवलं आणि दुधीपासून कांद्यापर्यंत सगळं सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकलं, पिशवी उचलली आणि ते निघून गेले. भाऊंनी फोन हातात घेतला. योगेंद्रला आता काय सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पुन्हा बेल वाजली. दारात नानाच होते.

"अभिमन पाटलांचं घर हेच का?"

भाऊंनी हात जोडले. "हेच. मीच अभिमन. या, बसा."

"मग सोयरीक पक्की समजा," नाना चपला काढत म्हणाले. "आमच्याकडेही दुधीच असतो हो. मला मागचं दार सुचलं नाही, एवढंच."

रत्नाबाईंनी लगेच शेवभाजी केली. तर्रीदार, लालभडक. व्याह्यांची वाटी काठोकाठ भरली. भाऊंनीही आपली वाटी पुढे केली.

तिच्यात दुधी पडला.

"आत्ताच कबूल केलंत ना," रत्नाबाई म्हणाल्या, "की तुम्ही घरचेच."