पोवळ्याचा खटला

सप्तापुरातल्या आमच्या गल्लीत कुणाकडेही जाताना चपला बाहेर काढायच्या असतात. वकील अण्णांकडे आवाजही बाहेर ठेवावा लागे, कारण दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीसमोर कोर्ट चालू असे.

टाकीतले आरोपी म्हणजे पोवळी. धारवाडच्या कोर्टातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी घरातच समुद्र वसवला. पाणी कारवारच्या बसच्या टपावरून कॅनमधून यायचं. पंप आणि दिवे सिंगापूरच्या मुलानं पाठवलेले. नवं पोवळं आलं, की त्याची ओळख पटवायला खटला उभा राहायचा. एक बाजू अण्णांची, दुसरी माझ्या गळ्यात. "बर्री मास्तर, कूड्री," असं कानडीत या-बसा करत ते खुर्ची पुढे सरकवायचे.

सगळ्यात लांबलेला खटला एका झुपकेदार पोवळ्याचा. ते गोनिओपोरा की अल्व्हिओपोरा? दोन्ही दिसायला सारखीच, देठावर फुलं डोलणारी. फरक एवढाच, की पहिल्याच्या फुलाला चोवीस बोटं, दुसऱ्याच्या फुलाला बारा. अण्णा म्हणायचे गोनिओपोरा. मी अल्व्हिओपोरा म्हणायचो, कारण अण्णा गोनिओपोरा म्हणायचे.

मी हायस्कुलात गणित शिकवायचो. बारापर्यंत मोजणं मला जड जायला नको होतं. पण पंपाच्या झोतात फुलं अशी नाचायची, की सात-आठवर माझी गाडी घसरायची. "साक्षीदार हलतोय," अण्णा समाधानानं म्हणायचे, "पुढची तारीख घ्या." उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी भिंग घेऊन काचेला नाक लावून बसलो. पोरांचे पेपर कधी एवढ्या बारकाईनं तपासलेत का, असं बायकोनं विचारलं. मिनिटभर पंप बंद करावा, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

एका संध्याकाळी वीज गेली. पंप थांबला, फुलं स्थिर झाली. मी टॉर्च लावून बोटं मोजली, पुन्हा मोजली.

"अण्णा, बारा. अल्व्हिओपोराच."

अण्णा हरकत घेतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत तसेच बसून राहिले.

"बाराच आहेत री. आणला त्याच दिवशी पंप बंद करून मी मोजलो होतो."

मी चिडणार होतो, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "आमची मंडळी गेल्यापासून संध्याकाळी दार वाजवणारे तुम्ही एकटेच. निकाल लागला की कशाला येताय?"

मला फार वाईट वाटलं. मी टॉर्च विझवला.

"अंधारात एखाददुसरं बोट सुटलं असेल, अण्णा. तारीख द्या."

वीज आली, फुलं पुन्हा नाचू लागली. अण्णांनी चष्मा पुसला आणि घसा खाकरला.

"उद्या संध्याकाळी. भिंग विसरू नका, मास्तर."