सातवा रविवार

शिट्टी वाजली की वडिलांनी बॅग घेऊन दाराला कुलूप लावायचं, आईने कण्हत कण्हत लिफ्टपर्यंत जायचं आणि आपण हॉस्पिटलची फाइल घेऊन खाली जाऊन गाडी चालू करायची, असं सुरक्षा अधिकाऱ्यांनी वहीत व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. बायकोला आठवा महिना चालू होता. "दुखायला लागलं की घरी वेळ काढू नका," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी अधिकाऱ्यांनी वही उघडली होती. कारखान्यात ते दर महिन्याला आगीचा सराव घेत. अकरा वर्षांत तिथे एकदाही आग लागली नव्हती आणि याचं श्रेय ते सरावालाच देत. तेव्हा घरीही दर रविवारी सकाळी दहाला सराव सुरू झाला.

सरावात बायकोचं काम आईकडे होतं.

"मला एकदा तरी घ्या की," बायको म्हणाली होती.

"तू आराम कर. उगाच दगदग नको."

आईने मात्र काम मनावर घेतलं होतं. पहिल्या रविवारी ती नुसतीच चालत गेली. सहाव्या रविवारपर्यंत ती कंबरेवर हात ठेवून असं काही कण्हायला लागली, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून चौकशी केली. गाडी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जायची, अधिकारी घड्याळ बघायचे आणि सगळे परत यायचे. फाटकावरचा वॉचमनही आता ओळखीचा झाला होता. "काय साहेब, आज किती मिनिटं?" असं तो आपणहून विचारायचा.

सातव्या रविवारी दहाला पाच कमी असताना बायको स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "अहो, मला वाटतं खरंच सुरू झालंय. तोंडावर पाणी मारून येते."

ती न्हाणीघरात गेली. अधिकाऱ्यांनी शिट्टी वाजवली.

त्यानंतर जे झालं ते अगदी वहीबरहुकूम झालं. अधिकारी फाइल घेऊन जिन्यावरून धावत खाली गेले. आईने कण्हायला सुरुवात केली. वडिलांनी दाराला बाहेरून कुलूप लावलं, ते ओढून बघितलं, किल्ली खिशात टाकली आणि बॅग उचलली. दोघं मागच्या सीटवर बसताच गाडी निघाली. चालकाने मागे वळून बघायचं नाही, फोन बंद ठेवायचा, हे नियम अधिकाऱ्यांचेच होते.

"आज जरा जोरात चालवतोयस," वडील म्हणाले.

"बाबा, आज खरं आहे."

"ते तू दर रविवारी म्हणतोस."

ते खोटं नव्हतं. गांभीर्य राहावं म्हणून अधिकारी दर वेळी तसंच सांगत. मागून कण्हणं वाढलं.

"लांब श्वास घे. घाबरू नकोस," अधिकारी समोर बघत म्हणाले.  मागून लांब श्वास घेतल्याचा आवाज आला आणि त्यांना जरा बरं वाटलं.

गाडी फाटकातून थेट आत शिरली. "नऊ मिनिटं," वडील खूश होऊन म्हणाले. "पण आज आतपर्यंत कशाला?" उत्तर द्यायला अधिकारी जागेवर नव्हतेच. ते फाइल घेऊन काउंटरकडे पळाले होते. दोन माणसं चाकांची खुर्ची घेऊन आली. आईला वाटलं, आज सरावाची पुढची पायरी असेल. ती खुर्चीत बसली.

"पेशंट कुठे आहे?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"ही काय," वडील म्हणाले.

"कितवा महिना?"

"नववा," फाइलमधले कागद काढता काढता अधिकारी म्हणाले.

बाईंनी खुर्चीकडे बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. "आजी, वय काय तुमचं?"

"बासष्ट," आई कण्हत म्हणाली.

अधिकारी मागे वळले. तेवढ्यात आईच्या पर्समधला फोन वाजला.

"आई," पलीकडून सून शांतपणे म्हणाली, "तुम्ही सगळे कुठे आहात? दाराला बाहेरून कुलूप आहे."

अधिकाऱ्यांनी गाडी घराकडे वळवली. आई आता खरंच रडत होती.  काही झालं तर हे आयुष्यभर आपल्याच नावावर राहणार, हा एकच विचार अधिकाऱ्यांच्या डोक्यात होता.

कुलूप उघडलं तेव्हा बायको दाराशी स्टुलावर बसली होती. चपला घातलेल्या, मांडीवर बॅग.

"बॅग गाडीत आहे," वडील म्हणाले.

"ती तुमच्या सरावाची बॅग, बाबा. त्यात रद्दी आहे. खरी ही." एक कळ येऊन गेली. ती संपेपर्यंत बायकोने स्टुलाची कड घट्ट धरून ठेवली. मग म्हणाली, "आई, तुम्ही माझा हात धरा. बाबा, कुलूप मी बाहेर आल्यावर लावा. आणि तुम्ही ती शिट्टी इकडे द्या."

अधिकाऱ्यांनी गळ्यातली शिट्टी काढून दिली.

"आज दोनदा, साहेब?" फाटकावर वॉचमनने विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी तोंड उघडायच्या आतच बायकोने हात वर केला आणि "मी," म्हणाली.

चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. आत बोलावलं तेव्हा अधिकारी पलंगाशी जाऊन उभे राहिले. बायकोची माफी कशी मागावी याची जुळवाजुळव त्यांनी बाहेरच केली होती, पण त्यातलं एक अक्षर आठवेना. नर्स कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन पुढे आली तसे ते एक पाऊल मागे सरकले आणि आईवडील कुठे आहेत ते बघू लागले. वहीत चौदा कामं होती. बाळाला हातात घेण्याचं काम त्यांनी कोणालाच दिलं नव्हतं.

"तुम्ही बाळाचे कोण?" नर्सने विचारलं.

"सुरक्षा अधिकारी," ते म्हणाले.

 नर्सने पलंगाकडे बघितलं.

"द्या त्यांच्याकडे," बायको डोळे मिटूनच म्हणाली.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नर्सने बाळ त्यांच्या हातांत ठेवलं, आणि ते झोपलेलंच राहिलं.