निरोप समारंभ आणि पेट्रोलचा फिल्टर

ड्रॉइंग मास्तर गाडीखाली उताणे पडले होते आणि त्यांच्या फक्त चपला बाहेर दिसत होत्या. चपलांशेजारी त्यांची बायको नवे कपडे घालून, पर्स काखेला लावून उभी होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. ऑपरेशन थिएटरची हत्यारं उकळण्यात सिस्टरांची सगळी नोकरी गेली होती आणि आज इस्पितळात त्यांचा निरोप समारंभ होता.

"अहो, बसनं जाऊ या का?"

"बसचं नाव काढू नकोस!" गाडीखालून आवाज आला.

मास्तरांनी शब्द दिला होता. सिस्टर जन्मभर बसला लोंबकळत कामावर गेल्या, तेव्हा शेवटच्या दिवशी तरी त्यांना गाडीतून थेट मोठ्या दारात उतरवायचं, असं ते महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटले होते. सिस्टर वरवर "कशाला उगाच" म्हणत, पण मैत्रिणींना त्यांनी गुपचूप दारात उभं राहायला सांगितलं होतं. हे मास्तरांच्या कानावर आलं आणि त्यांची झोप उडाली. कारण गाडी जुनी होती आणि जरा चढ लागला की आचके देत होती. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "पेट्रोलचा फिल्टर बदलावा लागेल. सोमवारी आणा." समारंभ शनिवारी. मास्तरांनी फिल्टर स्वतःच विकत आणला. मुठीत मावेल असा पत्र्याचा डबा, आत कागदाच्या घड्या, दोन्ही टोकांना नळी.

"यात काय आहे? दोन क्लिपा सोडवायच्या, दोन लावायच्या," मास्तर म्हणाले. ज्या माणसाला भिंतीत सरळ खिळा ठोकता येत नाही, त्यानं हे म्हणावं म्हणजे कमाल होती.

पहिली क्लिप गंजलेली निघाली. ती सुटली तेव्हा पेट्रोलची धार बाहीतून थेट बगलेपर्यंत गेली. दुसरीनं अंगठ्याचं साल काढलं. पण जुना फिल्टर हाती आला. नवा आणायला मास्तर घरात गेले, तर तो टेबलावर नव्हता. तो ओट्यावर पांढऱ्याशुभ्र फडक्यावर, चमच्यांच्या रांगेत, लखलखीत पुसून ठेवलेला होता. बायकोला आपल्या कामाची इतकी कदर आहे हे पाहून मास्तर हळवे झाले. त्यांनी फिल्टर बसवला आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली! सिस्टर आत बसल्या, मास्तरांनी आरसा नीट केला, आणि फाटकापाशी पोचताच गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. मास्तरांनी किल्ली फिरवली, विनवण्या केल्या, शेवटी शिव्या घातल्या. गाडी ढिम्म.

वरच्या मजल्यावरचे वकील गॅलरीत येऊन वाकले. "मास्तर, पेट्रोलमध्ये पाणी असणार! सर्रास भेसळ चालते. केस ठोका, मी आहे."

मास्तरांनी नळी सोडवून काचेच्या पेल्यात धरली. खरंच, वर पेट्रोल आणि खाली स्वच्छ पाणी! आपली चूक नाही म्हटल्यावर त्यांना केवढा हुरूप आला.

"लुटारू लेकाचे! टाकीच रिकामी करतो. ताजं पेट्रोल भरतो. दहा मिनिटं थांब तू."

त्यांनी झाडांना पाणी घालायची नळी आणली, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरलं आणि ओढायला सुरुवात केली. सिस्टर खाली उतरल्या. पेला उजेडात धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"अहो, हे पाणी टाकीतलं नसेल हो."

"उं?" मास्तर नळीतून म्हणाले.

"तुमची ती डबी टेबलावर पडली होती. बाहेरून आलेली वस्तू, किती जणांचे हात लागलेले. मी आपली उकळून ठेवली."

मास्तरांनी "काय?" म्हणायला श्वास आत घेतला. नेमकं त्याच क्षणी पेट्रोलही आत आलं.

पुढचं सगळं सिस्टरांनी केलं. मास्तर घशात बोटं घालायला गेले तसा त्यांनी हात धरला. "उलटी करायची नाही! फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतेल!" एका हातानं मास्तर आणि दुसऱ्या हातानं फोन धरून त्यांनी अॅम्ब्युलन्स बोलावली.

मोठ्या दारात मैत्रिणी फुलं घेऊन उभ्या होत्या. सायरन वाजवत अॅम्ब्युलन्स थेट पायरीला लागली आणि मागून मास्तर स्ट्रेचरवर बाहेर आले. मागोमाग सिस्टर उतरल्या, पण त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नाही. सगळ्या स्ट्रेचरकडे धावल्या. गडबडीत एकीनं गुच्छ मास्तरांच्या पोटावर ठेवला.

"काय झालं?" मेट्रननं विचारलं.

"पेट्रोल प्यायलेत."

"मुद्दाम?"

"माझ्यासाठी," सिस्टर म्हणाल्या आणि रडू लागल्या.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवायला सांगितलं. वर हॉलमध्ये खुर्च्या मांडून लोक वाट पाहत होते, पण सिस्टर कॉटजवळून हलेनात. मास्तरांना प्रत्येक ढेकरेला पेट्रोलचा वास येत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तू जा गं. एक दिवस तुझा होता, तोही मी मातीत घातला."

"बोलू नका. नाडी मोजतेय."

शेवटी मेट्रनच समारंभ वॉर्डात घेऊन आली. इतर पेशंट झोपलेले, म्हणून भाषणं कुजबुजत झाली. "काही जण शेवटच्या दिवशी पेढे आणतात," मेट्रन हळूच म्हणाली, "यांनी पेशंट आणला." मग सगळ्यांनी सिस्टरांना बोलायचा आग्रह केला.

सिस्टर उठल्या. "भाषण वगैरे मला येत नाही. जन्मभर परक्यांची काळजी घेतली, घराकडे लक्षच देता आलं नाही. आता उद्यापासून मी दिवसभर घरी आहे. यांच्या सगळ्या वस्तूंकडे आणि यांच्याकडे नीट बघेन."

टाळ्या वाजल्या. मास्तरांनी शेजारच्या नर्सला खुणेनं जवळ बोलावलं.

"मला अजून चार दिवस इथेच ठेवून घेता येईल का हो?"