बारा नंबरला तीन माणसं हवीत

कॅलिफोर्नियातल्या अल्मेंद्रा काउंटीच्या प्रादेशिक परिवहन मंडळापुढे गंभीर प्रश्न होता. बारा नंबरची बस सकाळी एकदा गावाकडून शहरात येई आणि संध्याकाळी एकदा परत जाई. दर फेरीला तिच्यात सात माणसं बसत आणि राज्याचा कायदा दहा मागत होता. तीस जूनपर्यंत दहा झाली नाहीत, तर एक जुलैपासून बस बंद. मंडळाने तीन बैठकांत सर्वांगीण विचार केला आणि कायदाच बदलून बारा नंबरला सूट मिळवायचं ठरवलं. त्यासाठी राजधानीत, सॅक्रामेंटोला, मंडळाची बाजू मांडणारा विधिमंडळ-अधिवक्ता नेमणं क्रमप्राप्त होतं.

त्या सातांपैकी एक ओफेलिया बरागान. शाळेच्या स्वयंपाकघरात तिला सकाळी सातच्या ठोक्याला उभं राहावं लागे. तिच्याकडे गाडी नव्हती, आणि बस गेली की नोकरीही जाणार होती. म्हणून ती मंडळाच्या बैठकीत बोलायला उभी राहिली. नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. तिला अर्धं मिनिट पुरलं.

"साहेब, तुम्ही मंडळावर नऊ जण आहात. त्यातले चौघं आमच्याच रस्त्याने रोज शहरात येता. तिघं जरी बसमध्ये बसलात, तरी दहा होतात. कायद्याला हातसुद्धा लावायला नको."

अध्यक्ष वेंडेल ब्रूबेकर यांनी सौम्यपणे चष्मा काढला.

"बाई, हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही. त्यामुळे नियमानुसार आम्हाला यावर उत्तर देता येत नाही. आभारी आहोत."

"मग घ्या की पत्रिकेवर."

"ती मागणीही पत्रिकेवर नाही. पुन्हा आभारी आहोत."

अधिवक्त्याच्या पदासाठी दोन अर्ज आले. पहिल्या अर्जदार बाईंनी मुलाखतीआधी बस स्वतः पाहावी म्हणून आदल्या दिवशी गावात मुक्काम केला आणि सकाळी बारा नंबरने आल्या. मुलाखत दहाला होती, बस पोचली पावणेसातला. सव्वा तास त्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसून होत्या. आठला मंडळाची सचिव लुर्देस आझेवेदो दार उघडायला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सुप्रभात!" मुलाखतीपूर्वी अर्जदाराने कर्मचाऱ्यांशी संपर्क साधू नये, असं नियम चौदा सांगतो. त्या बाद झाल्या.

"अगं, तू ते ऐकलंच नाही असं म्हणायचंस ना!" ओफेलिया लुर्देसला म्हणाली.

"म्हटलं असतं गं. पण मीही उलट 'सुप्रभात' म्हणाले होते. माझंच स्पष्टीकरण मागवलंय."

दुसरे अर्जदार प्रेस्टन किलगॅलन स्वतःच्या गाडीतून नऊ एकोणसाठला आले, कुणाशीही बोलले नाहीत, आणि नेमले गेले.

किलगॅलन कामाला वाघ होते. "कायदा आकड्यांनी बदलत नाही," ते मंडळाला म्हणाले, "लोकांनी बदलतो. जनतेचं प्रेम दाखवा." मग 'बारा नंबर वाचवा' असं छापलेली हिरवी चिकटपट्टी निघाली. ती गाडीच्या मागच्या काचेवर लावायची होती. बघता बघता काउंटीभर गाड्या हिरव्या झाल्या. जून संपत आला तेव्हा किलगॅलननी विधिमंडळाच्या परिवहन समितीच्या प्रमुख आमदार हॅथवेबाईंना शहरातल्या सभेला आणलं. सभेला चारशे माणसं आली. ओफेलिया कामावरून सुटल्यावर तशीच एप्रनमध्ये आली होती. ती गर्दी पाहून तिचा ऊर भरून आला.

आमदार हॅथवेबाईही भारावून गेल्या.

"या बसवर प्रेम करणारे चारशे लोक मी डोळ्यांनी पाहतेय," त्या माईकवर म्हणाल्या. "आणि मंडळ मागतंय काय, तर दहाच्या अटीतून सूट? चारशे असताना दहाची काळजी! हा तुमचा विनय आहे. मी असा अन्याय होऊ देणार नाही. सूट नाकारते!"

टाळ्या इतक्या झाल्या, की नेमकं काय नाकारलं ते बऱ्याच जणांना घरी गेल्यावर कळलं.

साडेपाचला बारा नंबर निघाली आणि वीस फुटांवर थांबली. सभेचं पार्किंग एकदम रस्त्यावर सांडलं होतं. पुढे गाड्या, मागे गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर हिरवी पट्टी आणि प्रत्येकीत एकेक माणूस. एकाला मुलीला पोहायच्या शिकवणीला सोडायचं होतं, एकीचे गुडघे दुखत होते, एकाच्या डिकीत आइस्क्रीम वितळत होतं. कारणं सगळी खरी होती, तुमच्या-माझ्यासारखीच. बसमध्ये माणसं होती सात.

ओफेलियाच्या खिडकीखाली एक गाडी तिरकी घुसली. काच खाली आली. आत ब्रूबेकरसाहेब होते.

"बाई, खचू नका!" ते मोठ्याने म्हणाले. "आमदारबाईंचा गैरसमज दूर करायला आम्ही दुसरा अधिवक्ता नेमतोय."

"साहेब, आत जागा आहे. उद्यापासून या ना."

"अहो, लोकांनी बसनेच जायला हवं! मी प्रत्येक भाषणात सांगतो. निम्मे जरी गेले, तरी हा रस्ता कसा मोकळा होईल बघा."

"आणि तुम्ही?"

"मी?" ब्रूबेकरसाहेब मनापासून चकित झाले. "मला वेळेवर पोचायचं असतं हो."

आणि बसने बाजू द्यावी म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला.