लाल चिठ्ठीचं पान

"तारीख? आणि माझी चुकणार?" मिनिटकाका इतक्या जोरात हसले, की बायकोच्या बॅगेची चेन लावता लावता त्यांचंच बोट चिमटलं. बस डेपोत सव्वीस वर्षं वेळापत्रकं लिहिणारा माणूस तो! सहा-सतराची गाडी सहा-अठराला सुटली, तरी त्यांना घास गोड लागत नसे. म्हणून तर अख्खा डेपो त्यांना मिनिटकाका म्हणायचा.

झालं होतं असं, की मुलीला बाळ झालं होतं आणि बायको तीन महिने तिच्या मदतीला निघाली होती. तिथल्या धुण्याने बायकोची कंबर मोडू नये म्हणून काकांनी मुलीकडे वॉशिंग मशीन पाठवलं. क्रेडिट कार्डावर! सहा महिने व्याज शून्य. पण शेवटची तारीख हुकली, तर व्याज थेट पहिल्या दिवसापासून. दर पगाराला मशीनचे पैसे एका पाकिटात टाकायचे, प्रवासाचे दुसऱ्यात. तोवर बायको आली नाहीच, तर शेवटच्या तारखेला मशीनचे पैसे भरायचे आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला आणायला जायचं, असा पक्का बेत होता.

"पण लक्षात कसं ठेवणार?" बायकोने विचारलं.

"लक्षात ठेवायचंच नाही! डोकं चुकतं, कागद चुकत नाही." स्वयंपाकघरात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. शेवटच्या तारखेच्या पानाला काकांनी लाल चिठ्ठी चिकटवली. "चिठ्ठी वर आली, की गाठली बँक!"

"रोज पान फाडाल ना?"

"हे काय विचारणं झालं!"

आता हे पान फाडायचं काम तीस वर्षं बायकोचं. दुसऱ्या दिवशी चहा उकळताना काकांनी पहिल्यांदाच पानाला हात घातला, तर कोपऱ्यात तिचं अक्षर. 'दूध अर्धाच लिटर घ्या. एकटेच आहात.' हात तसाच मागे आला. राहू दे आजच्या दिवस! पण दुसऱ्या दिवशीही राहिलं, तिसऱ्याही. बायको इतकी आठवेल याची काकांना कल्पनाच नव्हती. घरात दोन कप दिसले तरी गलबलून यायचं. ते पान फाडायचं म्हणजे तिला दाराबाहेर काढल्यासारखं वाटायचं.

डेपोत काकांचा मिनिट चुकत नव्हता. घरी मात्र काळ थांबला होता. रोज संध्याकाळी ते चिठ्ठीकडे बघत. ती आपली आहे तिथेच, जाड गठ्ठ्याच्या मधोमध! बायको नसली की दिवस सरत नाहीत म्हणतात ते काही खोटं नाही, असं म्हणून ते उसासा टाकत. पाकिटं फुगत चालली होती, पण चिठ्ठी काही जागची हलेना.

"पान फाडता ना?" बायको फोनवर विचारायची.

"म्हणजे काय!"

तीन महिने झाले त्या दिवशी तिने विचारलं, "आजचं पान बघितलंत?"

"बघितलं की!"

"मग?"

"मग काय? छान आहे!"

"छान आहे?"

"एकदम!"

फोन खाडकन बंद! त्यानंतर मुलगीच बोलायची. "आई कामात आहे, बाबा. ती अजून काही दिवस राहतेय." काकांनी आधी नेटवर्कला दोष दिला, मग मशीनला, शेवटी नातवाला. नातू आल्यावर नवऱ्याला विचारतंय कोण!

आणि एके दिवशी बिल आलं. काकांनी तडक बँकेत फोन लावला.

"सर, तुमची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली," पलीकडची मुलगी म्हणाली.

"शक्यच नाही! चिठ्ठी अजून वर आलेली नाही!"

"कसली चिठ्ठी, सर?"

आता तिला काय सांगणार, कपाळ? काका बँकेत गेले. मशीनचं पाकीट गेलं आणि व्याज-दंडात प्रवासाचंही गेलं. पैशांचं एवढं वाटलं नाही, पण बायकोला आणायला जाणं लांबलं, या विचाराने त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं.

घरी येऊन ते रागारागाने पानं फाडायला बसले. टराटरा! आणि थबकले. तिचं अक्षर एकाच पानावर नव्हतं. 'उशांचे अभ्रे बदला.' 'डॉक्टरांकडे जाऊन या, टाळू नका.' 'खिडकीतल्या झाडाला पाणी.' जायच्या आधी बसून तिने जागोजागी लिहून ठेवलं होतं. मग आलं बरोबर तीन महिन्यांचं पान. 'आता न्यायला या. मुलीला मी नाही म्हणू शकणार नाही. मी नको नको म्हणेन, तरी या.'

काकांनी लगेच फोन लावला. या वेळी तिनेच उचलला.

"अगं, ते पान मी आज वाचलं."

"आज?"

"आज. छान नाहीये ते."

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. हसतेय की रडतेय, कळेना.

"आणि यायचे पैसे व्याजात गेले," काकांनी तेही सांगून टाकलं. "डेपोच्या फुकट पासवर यायचं, तर चार गाड्या बदलाव्या लागतील. सत्तावीस तास!"

"बँकेने पहिल्या दिवसापासून व्याज लावलं ना?"

"हो."

"मग मीही तसंच लावणार. वाट बघून डोळे दुखले माझे!"

"बरं, मग बघ, येत्या सोळा तारखेला..."

"तारीख-बिरीख मला सांगू नका! गाडीत बसलात, की फोन करा."

अर्ध्या तासाने काकांनी फोन केला, तो गाडीत बसूनच. रजेचा अर्ज द्यायचा मात्र राहिला.