हवालदाराचं वकीलपत्र

आमच्या शेजारच्या भय्यासाहेब वकिलांचा सगळ्यांत लाडका अशील पाण्यात राहायचा. त्याला मिशा होत्या, अंगावर चिलखतासारखं जाड कवच होतं, आणि स्वतःची पोटची पोरं खाल्ल्याचा त्याच्यावर आरोप होता. त्याचं वकीलपत्र भय्यासाहेबांनी आपण होऊन घेतलं होतं. अशिलाचं काही म्हणणं नव्हतं. तो दिवसभर वाळूत तोंड खुपसून असायचा.

ही अमरावतीची गोष्ट, इंग्रजी अमदानीतली. कॅम्पातला एक साहेब पेन्शन घेऊन विलायतेला निघाला आणि बंगल्यावर त्याच्या सामानाचा लिलाव झाला. भय्यासाहेब कायद्याच्या पुस्तकांसाठी कपाट घ्यायला गेले. मी शाळामास्तर, मला काहीच घ्यायचं नव्हतं, म्हणून मी सोबत गेलो. कपाट एका कापसाच्या दलालानं बोली चढवून पळवलं. भय्यासाहेबांचं डोकं फिरलं की ते समोर येईल त्यावर बोली लावत सुटत. समोर आली काचेची पेटी, पाण्यानं भरलेली, आत बोटाएवढे मिशाळ मासे. टांग्यातून येताना पेटी आमच्या दोघांच्या मांडीवर होती. राजापेठ येईपर्यंत निम्मं पाणी आमच्या धोतरांत उतरलं होतं.

निघताना साहेबाच्या खानसाम्यानं बजावलं होतं, "वकीलसाब, ठंडा पानी मिला तो मादी काँच पे अंडे चिपकाएगी. उसी वक्त नर को बाहर निकाल देना. नहीं तो खा जाएगा."

टांग्यात एक पाय ठेवलेले भय्यासाहेब तसेच थांबले. "कावून? पुरावा काय?"

"पुरावा काय" हे त्यांचं पालुपद. भाजीत मीठ कमी आहे म्हणा, पुरावा काय. एकदा ते तापानं फणफणले होते म्हणून माझ्या बायकोनं काढा पाठवला, तर त्यांनी आधी तापाचा पुरावा मागितला आणि मग काढा प्यायला.

पेटी आली आणि गल्लीत बोभाटा झाला. भय्यासाहेब त्रिकाळ संध्या करणारे, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. बायकोनं मला आत ओढून विचारलं, "अवो, वकीलसाहेब आता मासे खाते काय?"

"पाळणार आहेत."

"मासे? अन् पाळून थे काय दूध देते?"

सगळ्यांत मोठ्या मिशांच्या नराचं नाव भय्यासाहेबांनी हवालदार ठेवलं. त्याची बडदास्त काय वर्णावी! उन्हाळा लागला तशी घरातली एकुलती एक वाळ्याची ताटी पेटीभोवती लागली आणि स्वतः वकील डोक्यावर ओला पंचा टाकून बसू लागले. पक्षकार आपल्या बांधाची भांडणं सांगायला लागला की हे मध्येच उठून पेटीत बोट बुडवत. "थांबा पाटील, पानी तापून राह्यलं." पाटील बिचारा जागच्या जागी तापत बसायचा. रोज सकाळी संध्या आटोपली की वकीलसाहेब विहिरीजवळच्या चिखलात गांडुळं उकरायला बसत. सोवळं सुटलेलं असे, जानवं कानावर असे, आणि तोंडानं हवालदाराचं कौतुक चालू असे.

त्यांच्याकडे एकादशीला घर झाडूनपुसून लख्ख व्हायचं. देव उजळले जायचे, त्याच हातासरशी पेटीतलं जुनं पाणी काढून माठातलं गारेगार पाणी भरलं जायचं. अशाच एका एकादशीनंतर द्वादशीला सकाळी भिंतीवरून हाक आली.

"मास्तर! धावा! हवालदार बाप झाला!"

मी धावलो. पायात चप्पल शोधण्यात जो काय वेळ गेला असेल तेवढाच. भय्यासाहेब मला हाताला धरून पेटीपाशी घेऊन गेले आणि बघतात तर काच कोरी. "आत्ता होती! भिजल्या साबुदान्यासारखी! इथं, काचेले चिकटून!" काचेवर आता काही नव्हतं. हवालदार मिशा हलवत शांतपणे फिरत होता.

"यानंच खाल्ली," मी म्हणालो.

"तुमी पाह्यलं?"

"नाही, पण..."

"मंग संशयाचा फायदा आरोपीले."

पुढच्या द्वादशीला तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही तेच. प्रकरण बाररूममध्ये गेलं. एरवी एका चहावर एकमत न होणारे अमरावतीचे यच्चयावत वकील या बाबतीत एक झाले. बापाला बाहेर काढा. दूधवाला म्हणाला, बापाला काढा. देवळातले शास्त्रीबुवा माशाचं नाव काढलं तरी आचमन करणारे, तेही म्हणाले, बापाला काढा.

भय्यासाहेब इरेला पेटले. "बापाले घराबाहेर काढायचं? कोन्त्या कायद्यानं? याच पेटीत, बापाच्या देखत पोरं मोठी होतीन. नाही झाली तर मी सनद परत करून वरूडले संत्री विकीन!"

वरूडला त्यांची सासुरवाडी होती. बायको फार वर्षांपूर्वी वारली होती. एकच मुलगी, कुसुम. ती मामाकडे वरूडलाच वाढली आणि लग्न करून धामणगावला दिली. एवढंच आम्हाला माहीत होतं. भय्यासाहेब दिवाळीला पाहुण्यासारखे तिकडे जाऊन येत आणि त्याबद्दल काही बोलत नसत.

आता पुरावा गोळा करायचा म्हणून पुढच्या द्वादशीचं काम पुढे ढकलायला त्यांनी कोर्टात तारीख मागितली. मुन्सफांनी कारण विचारलं. भय्यासाहेब गंभीरपणे म्हणाले, "घरी बाळंतपण आहे, हुजूर." मुन्सफांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. कोर्टात सगळ्यांना ठाऊक होतं की वकिलांच्या घरी वकील आणि एक म्हातारा आचारी एवढीच माणसं. तारीख मात्र मिळाली. बहुधा भीतीनं मिळाली असावी.

त्या सकाळी ते पेटीसमोर पाट टाकून बसले. मी गेलो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, खाल्ली हो. माझ्या डोयादेखत खाल्ली. एकेक टिपून. आता मीच साक्षीदार झालो अन् मीच वकील."

"मग सोडा वकीलपत्र."

"फाशीच्या कैद्यालेही वकील असते," ते म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता.

तेवढ्यात माझी बायको पारण्याची खीर घेऊन आली. तिनं पेटीत डोकावलं, अशिलाकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं.

"काल काय खाऊ घातलं याईले?"

"काल? काल तं एकादशी होती."

"मंग?"

"मंग काय? माझ्या घरात एकादशीले जीवहत्या होत नाही, वहिनी. गांडुळं बंद. इथं राह्यचं तं एकादशी धरा लागते."

बायकोनं खिरीची वाटी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "अवो वकीलसाहेब! कालपासून उपाशी जीव, अन् सकाळी उठून पाह्यते तं डोयापुढं साबुदाना! पारनं फेडलं बिचाऱ्यानं!"

भय्यासाहेब ताडकन उठले. मग त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की हवालदार वाळूत दडला. "गुन्हेगार मी हाये! उपाशी मी ठेवला, त्यानं भुकेपोटी खाल्लं! निर्दोष! मास्तर, निर्दोष!" धोतराचा सोगा हातात धरून ते अंगणात गेले, तिथून रस्त्यावर गेले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून निकाल सांगू लागले. एका सायकलवाल्यानं कोणता खटला सुटला हे न विचारताच त्यांचं अभिनंदन केलं.

परत आले तेव्हा बायको डोळे पुसत होती. ती सहज म्हणाली, "पर काही म्हना, पुरुषाच्या जातीचा भरोसा नाही. लेकरू दूर ठेवलेलंच बरं."

भय्यासाहेबांचं हसू एकदम मावळलं. ते पाटावर बसले.

"वरूडलेही हेच म्हनले होते," ते म्हणाले. "कुसुमची आई बाळंतपनात गेली. मी पोचलो तं सारं आटपलं होतं. मी म्हनलं, पोर मले द्या. हसले थे. पुरुष मानूस काय सांभाळीन, म्हने. मले दारातूनच दाखवलं. हातात कोनी देल्लं नाही. आता कुसुमचे दिवस भरत आले, वहिनी. पहिलं बाळंतपन माहेरी असते, अन् तिचं माहेर वरूड. माझं घर तिचं माहेर नाही म्हनते लोकं." त्यांनी पेटीच्या काचेवरून हात फिरवला. "याले बाहेर काढा म्हनतात ना सारे, मले सहन होत नाही."

माझ्या बायकोनं खिरीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. मग ती म्हणाली, "तिले इथं आना. मी हाये ना करायले."

पुढच्या एकादशीला धर्मसंकट उभं राहिलं. गांडुळं मारायची कशी? भय्यासाहेबांनी तोड काढली. "मास्तर, तुमी एकादशी धरत नाही. पाप तुमच्या नावावर." मी विहिरीजवळ उकरलं, मीच गांडुळं पेटीत टाकली, आणि भय्यासाहेब पाठ करून विष्णुसहस्रनाम म्हणत मधूनमधून विचारत राहिले, "पोट भरलं काय त्याचं? अजून एक टाका." रात्रीपर्यंत हवालदाराची ढेरी मुन्सफांएवढी झाली. द्वादशीला सकाळी अंडी आली आणि दुपारी ती तिथंच होती. दुसऱ्या दिवशीही होती. मग एका सकाळी वाळूवर धाग्याएवढी पिल्लं वळवळताना दिसली, आणि नीट पाहिलं तर त्यांनाही मिशा! हवालदार त्यांच्यातून ये-जा करत होता. त्यानं त्यांना ओळख दिली नाही, पण खाल्लंही नाही.

"बापाकडून याच्याहून जास्त काय पायजे?" भय्यासाहेब म्हणाले आणि त्याच दिवशी मला घेऊन मोर्शीवरून जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत बसले. मला साक्षीला नेत होते.

वरूडला मेहुण्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो. मेहुणे सभ्य गृहस्थ. "भय्यासाहेब, तुमच्या घरी बाई मानूस नाही," ते समजावून म्हणाले. "पहिलटकरीन पोर हाये."

कोर्टात तासन्‌तास बोलणारे भय्यासाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या घरी पिल्लं जगली. बाप तिथंच होता. मास्तर साक्षीले हायेत."

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनाची पिल्लं?"

"माशाची," मी म्हणालो. खोटं कसं बोलणार?

तेवढ्यात आतून हसणं ऐकू आलं. कुसुम चौकटीला धरून उभी होती, पोटावर हात ठेवून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरले होते. "मामा," ती म्हणाली, "मी बाबाच्या घरी जातो."

"अवो पन बाई..."

"जातो म्हनलं ना, मामा."

मुलगी झाली. सुईण होती, माझी बायको होती, सगळं सुखरूप पार पडलं. भय्यासाहेब पडवीत येरझारा घालत आणि येईल त्याला पेढा देत. पण बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत. बारशाच्या दिवशी सकाळीसुद्धा दाराबाहेरच उभे, हात मागे बांधून.

"बाबा, आत या," कुसुम म्हणाली. "घ्या हिले."

"मी? पडीन बिडीन."

"घ्या म्हनलं ना."

ते आत आले. आधी जमिनीवर बसले, मांडी घातली, धोतर नीट केलं. बायकोनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एक हात डोक्याखाली नेला आणि बराच वेळ ते त्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिले. मग कुसुमकडे पाहून त्यांनी विचारलं, "तू बी एवढीच होती काय वं?"

कुसुमला तेवढी असताना पाहिलेलं त्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यांनीही दारातूनच पाहिलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"एवढीच असीन, बाबा," ती म्हणाली. "एवढीच असीन."