आईला सत्त्याण्णव

"सर, आज इथे जमलेल्या दोनशे अकरा लोकांपैकी आज कोणाचं एखादं काम पूर्ण झालं का?"

हा प्रश्न माझा नाही. म्हणजे तोंड माझं, पण पैज माझ्या मैत्रिणीची, नौशीनची. आईच्या कंपनीचा 'परिवार दिन' होता. तो व्हिडिओवर होता (परिवार ज्याच्या त्याच्या घरीच असल्यामुळे हे सोयीचं पडतं). कर्मचाऱ्यांच्या मुलांनीही काहीतरी बोलावं अशी सूचना आली होती. आई कुकर बघायला उठली आणि नौशीन मला कोपर मारून म्हणाली, "पूछ के दिखा. डर गई ना?" मी दहावीत आहे, लखनौच्या सरोजिनी नगरात वाढले आहे, आणि या वर्षीपासून कोणाला घाबरायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. विचारलं.

मग नोएडाहून गजेंद्र सर, म्हणजे आईचे साहेब, भारावून म्हणाले, "सुभद्राजी, बहुत पावरफुल क्वेश्चन." कारण चौकटीखाली नाव आईचं होतं, कॅमेरा आम्ही बंद ठेवला होता, आणि माझा आणि आईचा आवाज इतका सारखा आहे की फोनवर अमरावतीची आत्यासुद्धा फसते. प्रश्नाला उत्तर कोणी दिलं नाही. एकशे शहाऐंशी जणांनी पडद्यावर लाल बदाम दिले. त्याच संध्याकाळी 'पूर्णत्व कृती दल' नावाची एक समिती स्थापन झाली. (तिच्या आजवर चौदा बैठका झाल्या. पूर्णत्व म्हणजे काय, इथपर्यंत आले आहेत.)

माणूस एकटा काम करू शकतो हा गैरसमज सुसंस्कृत जगाने आता सोडून दिला आहे. एकट्याचं काम लवकर संपतं, आणि संपलेल्या कामाबद्दल बोलायला काही उरत नाही. हा धोका ओळखून विद्वानांनी सहयोगाची सॉफ्टवेअरं काढली. आईच्या कंपनीत अशी तीन आहेत. एकावर बोलायचं, दुसऱ्यावर काय बोललो ते लिहायचं, आणि तिसऱ्यावर ते नेमकं कुठे लिहिलं ते शोधायचं. चौथं येतंय. ते पहिल्या तिघांचा रोज सकाळी आपोआप सारांश करेल. सारांश कुठे ठेवायचा यावर चर्चा सुरू आहे. शिवाय दर तीन महिन्यांनी या सगळ्यांचे कोपरे आणखी गोल होतात आणि डावीकडचं बटण उजवीकडे जातं. असं का, तर त्याच महिन्यात जगातल्या यच्चयावत वेबसाइटींचं बटण उजवीकडे गेलेलं असतं, आणि आपलंच एकटं डावीकडे राहिलं तर लोक काय म्हणतील.

आता आईचं काम सांगते. ते फार साधं आहे, त्यामुळे कंपनीत कोणाला नीट माहीत नव्हतं. सरकारी दवाखान्यात तुम्ही गेलात की मशीनमधून नंबराची चिठ्ठी येते, भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडा लागतो, आणि तो तुमचा असला की तुम्ही आत जाता. हे चालवणारा प्रोग्रॅम आई लिहायची. गप्प बसून लिहायची. बिघडला की नीट करायची, आणि नीट झाला की कोणाला सांगायची नाही. असल्या वागण्यामुळे तिचे सहयोग-गुण शंभरापैकी एकतीस होते.

गुणांची पद्धत अत्यंत शास्त्रीय आहे. मेसेज लिहिला, दोन गुण. दुसऱ्याच्या मेसेजला अंगठा, एक. बदाम, दीड; आपल्याला मिळाले तर त्यांचे वेगळे. मीटिंगला हजर राहिलं तर पाच, आणि ती मीटिंग ठरवण्यासाठी घेतलेल्या मीटिंगला आठ. काम पूर्ण केलं तर शून्य. एप्रिलपासून तेही बदललं: काम पूर्ण केलं की त्यावरची चर्चा बंद होते, म्हणजे सहयोग घटतो, म्हणून आता उणे दोन. (आईने मार्चमध्ये एकोणीस कामं पूर्ण केली होती. नशीब.)

गुण सलग तीन महिने साठच्या खाली राहिले तर घरून काम बंद. मग नोएडाच्या ऑफिसात हजर व्हायचं, म्हणजे सहयोग सुधारतो. आईचे दोन महिने भरले होते. नोएडा आमच्या घरापासून साडेपाचशे किलोमीटर आहे. बाबा अमौसी विमानतळावर धावपट्टीचे दिवे बघतात, त्यांच्या शिफ्टा फिरत्या. आई गेली तर घरात उरणार मी आणि माझं बोर्ड, एकमेकांकडे बघत. आई याबद्दल काही बोलत नव्हती. फक्त मला फोडणीचं वरण करायला शिकवू लागली होती, आणि त्यावरून मला सगळं समजलं होतं.

तर त्या पावरफुल प्रश्नामुळे एका संध्याकाळी एकतीसचे अठ्ठावन्न झाले.

आईने तीन वेळा पान ताजं करून बघितलं. मी म्हटलं, "अच्छा. म्हणजे असं आहे."

दुसऱ्या दिवशी मी आईचा जुना फोन ताब्यात घेतला. आई म्हणाली, "हे चूक आहे, स्नेहल." बाबा म्हणाले, "थांब न सुभद्रा. पोरगी काय करून राहिली ते पाह्य तर आधी." पोरगी आईच्या नावाने अंगठे देऊन राहिली होती. शाळेच्या ऑटोत, ट्यूशनच्या पायऱ्यांवर, केस विंचरताना. आठवडाभरात मला या विषयात जी गती आली ती भूमितीत आठ वर्षांत आलेली नाही. अंगठा म्हणजे वाचलं. दोन डोळे म्हणजे वाचलं नाही, पण तुम्ही लिहिलंत हे दिसलं. बदाम साहेबांना हमखास; साहेबांच्या साहेबांना शंभराचा आकडा. जोडलेले हात दिसले की समजायचं काम आपल्याकडे येतंय, आणि ताबडतोब तिसऱ्याच कोणाचं तरी नाव घालून "यावर तुमचं मत?" असं विचारायचं. दोन गुण. उलटा अंगठा पूर्वी होता म्हणे, पण त्याने वातावरण बिघडतं म्हणून काढून टाकला. 'नाही' या अर्थाचं एकही चित्र आता तिथे नाही.

वाक्यं तीन पुरतात. "गुड पॉइंट." "यावर वेगळं बोलू." आणि दोन दिवस कोणीच काही लिहिलं नाही तर, "याचं पुढे काय झालं?" हे तिसरं फार ताकदीचं आहे. याने भलीभली माणसं माफी मागतात, प्रत्येक माफीला मी बदाम देते, माफी मागणारा त्याबद्दल आभार मानतो, आणि आभाराला अंगठा. एकूण साडेचार गुण, आणि पुढे काहीही झालेलं नसतं.

पहिल्या महिन्यात एक्क्याऐंशी. तिसऱ्यात सत्त्याण्णव. मला सहामाहीत ब्याऐंशी पडले होते, त्यामुळे अमरावतीहून आत्याने फोन करून सांगितलं की आईकडून काहीतरी शिक.

आईसुद्धा बदलली. पूर्वी फोन टिंग वाजला की ती माशी हाकलावी तसा हात करायची. आता उठल्या उठल्या चष्मा शोधायची आणि आपले गुण बघायची. कृती दलाच्या बैठकांना ती स्वतः बसू लागली. तिथे दर वेळी कोणीतरी तिच्या त्या ऐतिहासिक प्रश्नाचा उल्लेख करायचं आणि ती चक्क लाजायची. बाबा अमौसीला डबा खाता खाता "मिसेसना सत्त्याण्णव" असं सहज म्हणायचे. आणि दवाखान्यांचा तो प्रोग्रॅम इतक्या मोठ्या सहयोगिनीने एकटीने सांभाळणं बरं दिसत नाही म्हणून गजेंद्र सरांनी तो सर्वांच्या सामूहिक मालकीचा केला. सर्वांनी बदाम दिले. तेव्हापासून तो कोणीच उघडला नाही.

मग पत्र आलं. आईची 'सहयोग-दूत' म्हणून निवड झाली होती. दूर बसून एकत्र काम कसं करावं हे इतरांना शिकवायचं, दोन वर्षं. हे शिक्षण समोरासमोर दिल्याशिवाय पोचत नाही, म्हणून दूताने नोएडाला राहायला यावं.

मी हे दोनदा वाचलं. गुण कमी पडले तर सुधारायला नोएडा. गुण जास्त पडले तर इतरांना सुधारायला नोएडा. लखनौत राहायचं असेल तर बहुधा साठ ते सत्तरच्या मध्ये कुठेतरी तरंगत राहायला हवं होतं, पण तसं नियमात स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, "बघू." बाबा म्हणाले, "मान आहे शेवटी." वरणाचे धडे पुन्हा सुरू झाले.

त्या शनिवारी मी नौशीनबरोबर अलीगंजला गेले होते. तिच्या नानीचा गुडघा सुजला होता, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायला घरी कोणी मोठं नव्हतं. मशीनमधून नानीची चिठ्ठी आली. नंबर सत्तेचाळीस. पाटीवर लाल आकडा होताच, सत्तेचाळीस. नानी खूश होऊन उठल्या. त्यांच्याबरोबर पन्नास-साठ माणसं उठली. मशीन पाच दिवस प्रत्येकाला सत्तेचाळीसच देत होतं.

लखनौ असल्यामुळे सगळे एकमेकांना 'पहले आप' म्हणाले असतील, असं बाहेरच्यांना वाटतं. नाही म्हणाले. एका काकांनी दुसऱ्या काकांची कॉलर धरली.

खिडकीतल्या भैयांना नौशीनने विचारलं, "इसे ठीक कब करेंगे?"

"कंप्लेंट डाली हुई है, बिटिया. ऊपर से जवाब भी आ गया है." त्यांनी काचेवर चिकटवलेला कागद दाखवला. कागदाला त्यांनी प्लास्टिकचं कव्हरसुद्धा घातलं होतं. 'आपका फीडबैक हमारे लिए अनमोल है. इस पर हम सब साथ हैं.' खाली आईचं नाव.

ते मी लिहिलं होतं. मंगळवारी, ट्यूशनच्या पायऱ्यांवर, समोसा खाता खाता. मला चांगलं आठवतं, कारण त्यावर चव्वेचाळीस अंगठे आले होते आणि स्क्रीनवर वरून रंगीत कागदाचे तुकडे पडले होते. तक्रार काय आहे ते मी वाचलं नव्हतं. चव्वेचाळीस जणांनीही वाचलं नसावं.

नानींनी तो कागद चष्मा लावून पूर्ण वाचला. मग मला म्हणाल्या, "बेटा, ये जो सब साथ हैं, ये बैठते कहाँ हैं? एक बार घुटना दिखा आते."

नौशीन माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. नानी पायरीवर बसल्या. त्यांचा सत्तेचाळीस नंबर सव्वादोनला आला. डॉक्टर दोनला गेले होते.

रविवारी सकाळी पोहे होते. आई एका हाताने पोहे वाढत होती आणि दुसऱ्या हाताने कोणालातरी अभिनंदन पाठवत होती. मी म्हटलं, "मला एक निर्णय सांगायचाय."

बाबा म्हणाले, "सायन्स का कॉमर्स?"

"मी राजीनामा देतेय. आईच्या नोकरीचा."

"माझ्या नोकरीचा तू कसा देशील?"

"जेवढी मी करते तेवढीचा." आणि मी त्यांना अलीगंजचं सगळं सांगितलं. कागद, कव्हर, नानी, सव्वादोन. कॉलरसुद्धा सांगितली.

आई पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत बसली. मग तिने विचारलं, "पण माझे गुण?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिचं तिलाच ऐकू गेलं असावं, कारण ती शेंगदाणे पुन्हा पोह्यांत मिसळू लागली.

"एकतीस होतील," मी म्हटलं. "काम केलंस तर त्याहून कमी. आणि नोएडाच्या पत्राला 'नाही' म्हणून उत्तर लिहायचं. टाइप करावं लागेल, चित्र नाहीये."

"अन् काढून टाकलं हिला तर?" बाबा म्हणाले.

"तर ती घरीच राहील ना. तेच तर आपल्याला हवं होतं."

"पगाराचं काय मग?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं, कारण खरंच माहीत नव्हतं. "पण तो प्रोग्रॅम तिच्याशिवाय कोणाला येत नाही. दोनशे अकरा जण आहेत, बाबा. मी सगळ्यांना ओळखते. मी रोज त्यांना बदाम देते."

आईने मान हलवली. म्हणाली, "खरंय तुझं." बाबांनीही मान हलवली. आणि मग दोघंही पोहे खाऊ लागले, जणू काम झालंच. तुम्हीही इथवर वाचताना दोन-चार ठिकाणी हलवली असेल, म्हणाला असाल की मुलगी बरोबर बोलतेय. ती मान मला नीट ओळखता येते. तिचा एक गुण मिळतो, 'खरंय' लिहिलंत तर दोन, आणि तेवढ्या वेळात अलीगंजला आणखी एकाला सत्तेचाळीस नंबर मिळतो.

म्हणून मी आईच्या पुढ्यातली बशी उचलली, तिथे लॅपटॉप ठेवला, दोघांचे फोन माझ्या दप्तरात टाकले, चेन लावली आणि निर्णय पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितला: "मान नको. उघड तो प्रोग्रॅम. अठ्ठेचाळीस येईपर्यंत मी इथून उठणार नाही, आणि तुम्हीही नाही."